मुंबई–लंडन हवाई मार्ग : थांबे, परवाने आणि वेळ

मुंबईचा विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांच्यातील सर्वांत कमी अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. हे अंतर पृथ्वीच्या आकारानेच ठरवून दिलेले असल्यामुळे गेल्या शंभर वर्षांत त्यात काही फरक पडलेला नाही; ते कापायला लागणारा वेळ मात्र आठवड्याहून अधिक होता, तो आज साडेनऊ-दहा तासांवर आला आहे. या बदलाचे श्रेय सर्वसाधारणपणे विमानांच्या वाढत्या वेगाला दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे, परंतु साधा हिशेब मांडला तरी ते स्पष्टीकरण अपुरे पडते. १९३० च्या आसपास या मार्गावर वापरात असलेली विमाने ताशी साधारण १६० किलोमीटर वेगाने उडत, म्हणजे ७,२०० किलोमीटरांसाठी त्यांना ४५ तास, दोन दिवसांहूनही कमी वेळ, पुरायला हवा होता. प्रत्यक्षात लंडनहून नुसते कराचीला पोचायलाच सात दिवस लागत. उरलेले पाच दिवस कोठे जात होते, याचा शोध घेऊ लागले की इंजिनांचा इतिहास मागे पडतो आणि रात्रीचे मुक्काम, आगगाडीचे टप्पे, पेट्रोलचे डबे आणि निरनिराळ्या सरकारांचे परवाने पुढे येतात. मुंबई–लंडन मार्गाचा इतिहास हा मुख्यतः थांब्यांचा आणि परवान्यांचा इतिहास आहे.

दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग काढायचा तर पृथ्वीच्या गोलावर त्या दोन बिंदूंमध्ये दोरा ताणून धरावा. तो ज्या रेषेवर बसतो ती बृहद्वृत्ताचा भाग असते. बृहद्वृत्त म्हणजे ज्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते असे, गोलावरील मोठ्यात मोठे वर्तुळ. विमान वाहतुकीत अंतर सागरी मैलांत मोजतात, आणि एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर, हा अशा वर्तुळावरील एका अंशाचा साठावा भाग असतो. त्यामुळे मुंबई ते लंडन हा सुमारे ६५ अंशांचा कंस साधारण ३,९०० सागरी मैलांचा भरतो. हा कंस मुंबईहून वायव्येकडे निघून सौराष्ट्रावरून आणि कच्छच्या पश्चिम टोकाजवळून थेट कराचीच्या जवळजवळ माथ्यावर येतो, तेथून बलुचिस्तान ओलांडून इराण तिरपा कापतो आणि कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेनचा पश्चिम भाग व मध्य युरोप असा लंडनला पोचतो. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या मर्केटर प्रक्षेपणाच्या नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेषा मात्र वेगळी असते, कारण त्या नकाशात होकायंत्राची एकच दिशा कायम धरून केलेला प्रवास सरळ दिसतो. ती रेषा मक्रानचा किनारा, इराणच्या आखाताचे वरचे टोक, इराक आणि तुर्कस्तान यांवरून जाते व सुमारे २०० किलोमीटर जास्त भरते. पुढील विवेचनात या दोन्ही रेषांचे स्मरण ठेवणे उपयोगी आहे, कारण विमाने इतिहासात यांपैकी पहिल्या रेषेवरून क्वचितच उडू शकली आणि दुसरीच्या आसपास वारंवार ढकलली गेली.

विमानापूर्वीही थांब्यांचे हे गणित होतेच. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून ३२ दिवसांनी सुएझला पोचली, आणि या ३२ दिवसांपैकी बराच काळ एडन, जेद्दा यांसारख्या बंदरांत कोळसा भरण्यात गेला होता. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर आणि युरोपातील रेल्वेशी बोटींची सांगड घातली गेल्यावर विलायतेची डाक विसाव्या शतकाच्या आरंभी पंधरवड्याच्या आसपास पोचू लागली. म्हणजे पत्राला उलटटपाली उत्तर यायला किमान महिना लागे, आणि मुंबईचा सूत-बाजार, उच्च न्यायालयातून प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले व विलायतेत शिकणाऱ्या मुलांचे पैसे हे सर्व याच महिन्याच्या चक्रावर चालत असे.

इंग्लंडहून हिंदुस्थानापर्यंत विमानाने येण्याचा पहिला सफल प्रयत्न पहिल्या महायुद्धाचा शेवट होताच झाला. हँडली पेज कंपनीचे चार इंजिनांचे बाँबफेकी विमान डिसेंबर १९१८ मध्ये इंग्लंडहून निघाले आणि महिनाअखेर कराचीला पोचले. पुढच्याच वर्षी रॉस आणि कीथ स्मिथ हे ऑस्ट्रेलियन बंधू ‘व्हिकर्स व्हिमी’ विमानातून लंडनजवळच्या हाउन्स्लोहून निघून कराची, दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता असे डार्विनपर्यंत गेले. या धाडसांमुळे मार्ग शक्य आहे एवढे सिद्ध झाले, परंतु नियमित वाहतुकीला लागणारी खरी सामग्री जमिनीवर होती आणि ती घडवण्याचे काम वाळवंटात झाले. ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्ये कैरो–बगदाद टपालसेवा सुरू केली, तेव्हा ट्रान्सजॉर्डन आणि इराक यांच्यामधील ओसाड पठारावर वैमानिकाला ओळखीची एकही खूण मिळत नसे. म्हणून मोटारींच्या चाकोऱ्या आणि जेथे त्या उमटत नव्हत्या तेथे नांगराने पाडलेली सरी शेकडो किलोमीटर नेण्यात आली, आणि ठरावीक अंतरावर उतरण्याच्या जागा आखून त्यांना अक्षरांनी किंवा अंकांनी ओळख देण्यात आली. वैमानिक खिडकीतून खाली पाहत या सरीवर डोळा ठेवून बगदाद गाठीत. विमान कंपनीच्या जाहिरातीत या सरीचा उल्लेख सहसा सापडत नाही, पण मुंबईला येणारे हवाई टपाल पुढे याच वाळवंटावरून आले.

३० मार्च १९२९ रोजी इंपीरिअल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन–कराची ही साप्ताहिक सेवा सुरू केली. तिच्या आरंभीच्या वेळापत्रकाकडे बारकाईने पाहिले की वर उल्लेखिलेल्या पाच दिवसांचा हिशेब लागतो. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघालेला प्रवासी विमानाने स्वित्झर्लंडमधील बासेलला उतरे. तेथून आल्प्स ओलांडण्यासाठी त्याला रात्रीच्या आगगाडीने इटलीतील जिनोआला जावे लागे. जिनोआच्या बंदरात त्याला फ्लाइंग बोट मिळे, म्हणजे ज्याचे पोटच होडीसारखे असते व जे पाण्यावर उतरते असे विमान. ते भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने रोम, नेपल्स, कॉर्फू, अथेन्स, तोब्रुक असे टप्पे घेत अलेक्झांड्रियाला येई. पुन्हा आगगाडीने कैरो. आणि कैरोहून तीन इंजिनांचे ‘हर्क्युलिस’ विमान गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशेहर, लिंगे, जास्क, ग्वादर असे उतरत उतरत कराचीला पोचे. रात्री उड्डाण होत नसे, कारण वाटेत दिवे नव्हते आणि अंधारात उतरण्याची सोय मोजक्याच ठिकाणी होती. एका बाजूचे भाडे १३० पौंड होते. सात दिवसांच्या या प्रवासात प्रवाशाचा हवेत जाणारा वेळ एकूण वेळेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच असणार, हे वेगाच्या हिशेबावरून उघड आहे.

यातले आगगाडीचे टप्पे केवळ पर्वतांमुळे आलेले नव्हते. एका देशाचे विमान दुसऱ्या देशावरून उडू शकते की नाही, हे पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस करारापासून त्या त्या देशाच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि इटलीशी असलेल्या मतभेदांमुळे इंपीरिअल एअरवेजला युरोपातील आपला मार्ग वारंवार बदलावा लागला. १९३० च्या दशकात बरीच वर्षे प्रवासी पॅरिसहून इटलीच्या टाचेवरील ब्रिंडिसीपर्यंत आगगाडीनेच जात होते. अधिक मोठा अडथळा पूर्वेला आला. इराणने आपल्या दक्षिण किनाऱ्यावरील तळ वापरण्याची परवानगी मर्यादित मुदतीची दिली होती आणि रेझा शाहच्या सरकारचा आग्रह असा होता की ब्रिटिश विमानांनी किनारा सोडून देशाच्या अंतर्भागातून जावे. डोंगराळ अंतर्भाग त्या काळच्या विमानांना झेपणारा नव्हता. मुदत संपली तेव्हा, ऑक्टोबर १९३२ मध्ये, संपूर्ण मार्ग आखाताच्या दुसऱ्या, म्हणजे अरबी बाजूला हलवण्यात आला आणि बहरीन व शारजा हे नवे थांबे तयार झाले.

शारजाचा थांबा जवळून पाहण्याजोगा आहे. तेथील शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांच्याशी १९३२ मध्ये करार होऊन वाळवंटातील सपाट जमिनीवर विमानतळ आणि त्यालगत प्रवाशांसाठी एक विश्रामगृह उभारण्यात आले. मुलूख अस्थिर असल्यामुळे हे विश्रामगृह किल्ल्यासारखे जाड भिंतींचे आणि पहाऱ्याचे होते. ‘हॅनिबल’ नावाचे जे विमान ५ ऑक्टोबर १९३२ रोजी तेथे प्रथम उतरले, ते हँडली पेज कंपनीचे एच.पी. ४२ जातीचे होते. एकावर एक असे दोन प्रचंड पंख, चार इंजिने, गालिचा अंथरलेला कक्ष, जेवण वाढणारा सेवक, आणि वेग ताशी १६० किलोमीटर. वीस-बावीस प्रवाशांना घेऊन संध्याकाळी ते उतरले की प्रवासी तटाच्या आत झोपत आणि पहाटे पुन्हा ओमानच्या आखातावरून ग्वादरकडे व कराचीकडे निघत. आज या इमारतीत संग्रहालय आहे आणि तिच्या धावपट्टीवरून शहराचा रस्ता गेला आहे. आखाताच्या अरबी किनाऱ्याला आज जगाच्या हवाई वाहतुकीत जे स्थान आहे, त्याची पहिली पायरी इराणच्या एका नकारामुळे घातली गेली, हे मत अतिशयोक्त म्हणता येणार नाही.

या साऱ्या काळात मुंबई मात्र मुख्य मार्गावर नव्हती. इंपीरिअल एअरवेजची वाट कराचीहून दिल्ली, कलकत्ता, रंगून, सिंगापूर अशी पुढे सरकली. देशातील अग्रगण्य बंदर आणि व्यापारपेठ असलेले शहर तिच्या दक्षिणेला बाजूला राहिले. ही तूट भरून काढण्याची योजना ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेले वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी १९२९ मध्ये टाटा कंपनीपुढे मांडली. जे.आर.डी. टाटा यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत विमान चालवण्याचा परवाना मिळवला होता. सरकारशी वाटाघाटींत तीन वर्षे गेली आणि अखेर कोणतेही सरकारी अनुदान न मागता, केवळ टपालाच्या वजनावर मोबदला घेण्याच्या अटीवर, सेवा मंजूर झाली.

या मधल्या काळातील एका स्पर्धेवरून त्या वेळच्या लांब पल्ल्याच्या उड्डाणांची नाजूक स्थिती समजते. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील अंतर एकट्याने कापणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. १९३० च्या मे महिन्यात जे.आर.डी. कराचीहून इंग्लंडकडे आणि अवघ्या सतरा वर्षांचे अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून कराचीकडे निघालेले असताना दोघांची गाठ इजिप्तमधील अबुकीर येथे पडली. इंजिनिअर यांच्याजवळ स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा सुटा भाग, शिल्लक नव्हते आणि त्यासाठी ते तेथे अडकून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. इंजिनिअर कराचीला पोचले आणि बक्षीस त्यांनाच मिळाले. हेच अस्पी इंजिनिअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. तळहातावर मावेल अशा एका वस्तूच्या अभावी हजारो किलोमीटरांचा प्रवास थांबू शकत होता, आणि ती वस्तू पुरवणारा माणूस वाटेत भेटणे हा शुद्ध योग होता.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे.आर.डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे छोटे विमान उडवले. इंपीरिअल एअरवेजने लंडनहून आणलेल्या टपालापैकी सुमारे २५ किलो टपाल त्यात होते. अहमदाबादला ते इंधनासाठी उतरले, आणि तेथे बर्मा शेल कंपनीचे चार-चार गॅलनचे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून विमानात रिकामे करण्यात आले. दुपारी दोनच्या आत विमान मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. कराची ते मुंबई हे सुमारे ८८० किलोमीटरांचे अंतर थांब्यासह सव्वासात तासांत कापले गेले होते आणि मुंबई लंडनशी हवाई मार्गाने नियमितपणे जोडली गेली होती. त्याच साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळाची स्थापना झाली, म्हणजे तेथे मराठी माणसांची एकत्र येण्याइतकी वस्ती झालेली होती. त्यांच्या घरच्या पत्राला आता पंधरवड्याऐवजी आठ-नऊ दिवस पुरू लागले, अर्थात हवाई टपालाचे जादा तिकीट परवडत असेल तर.

जुहूचे मैदान समुद्रालगत आणि सखल होते. पहिला पाऊस पडला की त्यावर पाणी साचे, चिखल होई आणि विमान उतरवणे अशक्य बने. म्हणून टाटांनी दर पावसाळ्यात आपले सारे बिऱ्हाड, विमाने, कारागीर आणि हत्यारांसह, पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवले, आणि मुंबईचे हवाई टपाल ते चार महिने घाट उतरून येत राहिले. कोकणच्या पावसापुढे वेळापत्रक असे वाकत असूनही सेवा खंडित झाली नाही. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात तिने १५५ प्रवासी आणि दहा टनांहून अधिक टपाल वाहून नेले. भारतीय हवाई वाहतुकीचे इतिहास टाटांच्या पहिल्या उड्डाणावर बरेच लिहितात. येरवड्याच्या या वार्षिक स्थलांतराला मात्र त्यात फारच थोडी जागा मिळते. वास्तविक नियमितपणा कशाने येतो याचा खरा धडा तेथेच घडला.

१९३७-३८ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातील पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने पाठवण्याची योजना आली आणि मुख्य मार्गावर मोठ्या फ्लाइंग बोटी धावू लागल्या. त्या साउदॅम्प्टनहून निघून कराचीच्या खाडीत, राजस्थानातील राजसमंद तलावात आणि ग्वाल्हेरच्या जलाशयात उतरत पूर्वेकडे जात. उत्तम नैसर्गिक बंदर असूनही मुंबई या मुख्य वाटेवर आली नाही आणि तिचे टपाल टाटांची विमानेच कराचीहून आणत राहिली. दुसऱ्या महायुद्धात, जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर, भूमध्य समुद्रावरचा हा मार्ग तुटला. परंतु युद्धानेच पक्क्या लांब धावपट्ट्या, रात्रीची उड्डाणे, रेडिओवरून दिशा ओळखण्याची साधने आणि हवामानाचे संघटित निरीक्षण दिले. सांताक्रूझचा विमानतळही युद्धकाळातील लष्करी गरजेतून वाढला.

युद्ध संपण्यापूर्वीच परवान्यांच्या प्रश्नाला आंतरराष्ट्रीय चौकट मिळाली होती. डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व असते हे तत्त्व पहिल्याच कलमात नोंदवले गेले, आणि जोडीला हवाई वाहतुकीच्या ‘स्वातंत्र्यां’ची व्याख्या झाली. पहिले स्वातंत्र्य म्हणजे न उतरता दुसऱ्या देशावरून उडून जाणे, दुसरे म्हणजे केवळ इंधन किंवा दुरुस्तीसाठी उतरणे, आणि पाचवे म्हणजे दोन परक्या देशांमध्ये प्रवाशांची ने-आण करणे. हे शब्द पुढच्या साऱ्या इतिहासाला पुरतात.

८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनल या नव्या कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबून १० जूनला लंडनला उतरले. कंपनीत सरकारचे ४९ टक्के भांडवल होते आणि प्रवाशांमध्ये स्वतः जे.आर.डी. टाटा होते. भाडे १,७२० रुपये होते. कॉन्स्टेलेशनचा कक्ष हवाबंद असून त्यातील हवेचा दाब टिकवलेला असे, त्यामुळे ते ढगांच्या वरून ताशी ५०० किलोमीटरांच्या आसपास वेगाने जाऊ शकत होते. कैरो आणि जिनिव्हावरून जाणारी ही वाट सुमारे ७,९०० किलोमीटरांची, म्हणजे बृहद्वृत्तापेक्षा ७०० किलोमीटर लांब होती. जवळची वाट काळ्या समुद्रापलीकडे सोव्हिएत युक्रेनवरून जात असल्यामुळे राजकीयदृष्ट्या बंद होती, आणि ती खुली असती तरी पोटात मावणारे इंधन पाहता कोठे तरी उतरणे भागच होते.

थांबा म्हणजे केवळ वेळेचा खर्च नव्हता. प्रत्येक उतरण्यात धोका असे, आणि या मार्गावर तो जिनिव्हाच्या परिसरात दोनदा भोवला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ विमान जिनिव्हाकडे उतरत असताना आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व ४८ जण दगावले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान मुंबई, दिल्ली आणि बैरूतमार्गे जिनिव्हाला उतरण्याच्या तयारीत असताना त्याच पर्वतावर कोसळले. ११७ मृतांमध्ये अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. विमानातील दिशादर्शक रेडिओच्या दोन संचांपैकी एक बंद होता, आणि नियंत्रकाने रडारवरून सांगितलेल्या स्थानाचा अर्थ वैमानिकाकडून चुकीचा घेतला गेला. पर्वत मागे पडला आहे अशा समजुतीने विमान खाली येत राहिले. अपघातस्थळाखालच्या हिमनदीने या विमानातील टपालाची एक राजनैतिक थैली २०१२ मध्ये बाहेर टाकली. भारतीय विज्ञानाने त्या दिवशी जे गमावले त्याची भरपाई कधीच झाली नाही, आणि ते नुकसान एका मधल्या थांब्यावर झाले, ही गोष्ट या मार्गाचा इतिहास लिहिताना डावलता येत नाही.

१९६० साली जेट विमान आले. एअर इंडियाने त्या वर्षी १९ एप्रिलला बोइंग ७०७ ने लंडनची सेवा सुरू केली आणि ताशी ९०० किलोमीटरांचा वेग उपलब्ध झाला. या वेगाने आठ तासांचा असणारा प्रवास तरीही कितीतरी अधिक लांबत राहिला. विमान बैरूत किंवा कैरो, मग रोम, जिनिव्हा किंवा फ्रँकफर्ट असे थांबत जाई, आणि आता त्यामागे इंधनापेक्षा पाचव्या स्वातंत्र्याचे अर्थकारण अधिक होते: मुंबईहून लंडनला जाणाऱ्यांनी विमान भरत नसे, म्हणून बैरूतचा प्रवासी जिनिव्हाला आणि जिनिव्हाचा लंडनला नेणे कंपनीला आवश्यक होते. १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ या पहिल्या बोइंग ७४७ च्या आगमनानंतर पल्ला हा प्रश्नच उरला नाही, आणि स्थलांतरितांची संख्या वाढून विमाने दोन शहरांच्या प्रवाशांनीच भरू लागली तसतसे मधले थांबे एकेक करून गळाले.

विनाथांबा प्रवासाचा वेळही एक संख्या नाही. विमान कंपन्या ‘ब्लॉक टाइम’ मोजतात, म्हणजे उभ्या विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून मुक्कामी पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा काळ. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आणि हीथ्रोच्या आकाशातील घिरट्याही येतात. मुंबईहून लंडनला जाताना हा काळ साडेनऊ-दहा तासांचा, तर परतताना साधारण पाऊण-एक तासाने कमी असतो. पृथ्वी फिरते म्हणून असे होते, ही समजूत चुकीची आहे, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. खरे कारण जेट प्रवाह हे आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी शंभर-दोनशे किलोमीटर वेगाने वाहणारे हे वाऱ्यांचे पट्टे हिवाळ्यात इराणवर विशेष जोरदार असतात, आणि जाणाऱ्या विमानाला अडवून येणाऱ्याला पुढे लोटतात. घड्याळ यात आणखी भर घालते. दुपारी निघालेला प्रवासी त्याच संध्याकाळी पोचतो, कारण लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते. मुंबई शहराने तर स्वतःची, ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटे पुढची, ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपली होती, त्यामुळे १९४८ च्या प्रवाशाच्या शहरात दोन वेळा एकाच वेळी नांदत होत्या.

थांबे संपले तरी परवाने संपले नाहीत. जानेवारी १९७१ मध्ये ‘गंगा’ या भारतीय विमानाचे लाहोरला अपहरण होऊन ते जाळले गेल्यावर भारताने ४ फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले, पाकिस्तानने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे दाद मागितली, वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोचून ऑगस्ट १९७२ मध्ये त्याचा निकाल लागला, आणि दोन्ही देशांची परस्परांवरील उड्डाणे १९७६ मध्येच पूर्ववत झाली. २००२ च्या आरंभापासून दोन वर्षे आणि २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत हेच पुन्हा घडले. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे, म्हणजे बृहद्वृत्ताचा युक्रेनवरचा तुकडा गेला. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि पुढे या बंदीची मुदत वारंवार वाढवली. तेव्हापासून भारतीय कंपनीचे मुंबई–लंडन विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे, तेथून आखाताच्या अरबी किनाऱ्याने इराक व तुर्कस्तानकडे जाते, म्हणजे १९३२ च्या एच.पी. ४२ ची बहरीन-शारजाची वाट दहा किलोमीटर उंचीवरून धरते. आणि जून २०२५ मध्ये इराण व इराक यांचेही आकाश काही दिवस मिटले तेव्हा सौदी अरेबिया आणि इजिप्त यांवरून जाण्यावाचून पर्याय राहिला नाही.

दिल्लीच्या तुलनेत मुंबईला या बंदीची झळ कमी लागते. दिल्लीहून निघालेल्या विमानाला आधी नैर्ऋत्येला समुद्रापर्यंत उतरून मग पश्चिमेकडे वळावे लागते, मुंबईच्या धावपट्टीपुढे मात्र समुद्र उघडाच असतो. तरीही पाकिस्तानची बंदी केवळ भारतीय विमानांना लागू असल्यामुळे ब्रिटिश कंपन्यांना कराचीवरून जाण्याची मुभा राहिली, आणि परिणामी एकाच विमानतळावरून एकाच दिवशी हीथ्रोसाठी निघणाऱ्या दोन विमानांच्या कागदांवर आज वेगवेगळी वाट आणि वेगवेगळे अंतर लिहिलेले असू शकते.